बॉब टकर आणि 'ल झॉम्बी': वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विज्ञानकथेचे पहिलेवहिले चाहते आणि त्यांनी घरच्या घरी काढलेली मासिकं यांवर मी गेली काही वर्षं मराठीत लिहितो, बोलतो. वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांतले बरेचसे फिरून एकाच माणसापाशी येतात. तो माणूस म्हणजे अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन गावचे बॉब टकर. म्हणून त्यांच्याविषयीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत. ज्यांना थोडीफार माहिती आहे त्यांनी प्रश्न ७ पासून वाचलं तरी चालेल.

१. बॉब टकर कोण? मी तर हे नाव कधी ऐकलंच नाही.

पूर्ण नाव आर्थर विल्सन टकर. जन्म २३ नोव्हेंबर १९१४, इलिनॉय राज्यातल्या डियर क्रीक या छोट्या गावात. मृत्यू ६ ऑक्टोबर २००६, फ्लोरिडात, वयाच्या ९१व्या वर्षी. कादंबऱ्यांवर त्यांचं नाव 'विल्सन टकर' असं असतं आणि चाहत्यांमध्ये ते 'बॉब'. त्यामुळे ही दोन वेगळी माणसं आहेत असं समजणारे वाचक मला अजूनही भेटतात.

विज्ञानकथा वाचणाऱ्यांचा आपापसात एक समाज बनला, तो १९३०च्या दशकात. एकमेकांना पत्रं लिहिणारा, भांडणारा, वर्षातून एकदा भेटणारा समाज. टकर त्या समाजाच्या अगदी पहिल्या पिढीतले. १९३२ साली, अठराव्या वर्षाच्या आसपास, त्यांनी 'द प्लॅनेटॉइड' नावाचं पहिलं हौशी मासिक काढलं. १९३८च्या अखेरीस 'ल झॉम्बी' सुरू केलं. नंतरचे तुरळक अंक धरले तर ते १९७५पर्यंत चाललं आणि त्याचे साठाहून जास्त अंक निघाले. आज जगभर वापरले जाणारे दोन शब्द, 'स्पेस ऑपेरा' आणि 'टकरायझेशन', त्यांच्यामुळे भाषेत आले (प्रश्न ७ आणि ११ पाहा).

२. ते पोटापाण्यासाठी काय करायचे? मासिकावर घर चालत होतं का?

मासिकावर कुणाचंच घर चाललं नाही. टकर सिनेमा थिएटरात ऑपरेटर होते. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये बसून पिक्चर दाखवणं आणि थिएटरची विजेची कामं पाहणं, ही त्यांची आयुष्यभराची नोकरी.

ते काम काय असतं हे जुन्या एकपडदा थिएटरांच्या केबिनमध्ये डोकावलेल्यांना सांगायला नको. दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी, आत कार्बनच्या कांड्या जळतायत, उकाडा, यंत्राचा खडखडाट. एक रीळ फार तर वीसेक मिनिटांचं. ते संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमकतो. तो दिसला की दुसरा प्रोजेक्टर चालू करायचा. प्रेक्षकाचं ठिपक्याकडे लक्ष जात नाही आणि बदलही कळत नाही. समोर शेकडो माणसं बसलेली आणि हा माणूस केबिनमध्ये एकटा. अशा एकट्याने करायच्या कामातला माणूस घरी येऊन शेकडो मैलांवरच्या लोकांशी कागदावर गप्पा मारत बसायचा, हे मला फार स्वाभाविक वाटतं.

३. फॅनझीन म्हणजे नक्की काय? मासिकच ना?

मासिकच, पण चाहत्यांनी चाहत्यांसाठी, बिनपैशाचं काढलेलं. लेखकाला मानधन नाही, संपादकाला पगार नाही, बुकस्टॉलवर विक्री नाही. 'मासिक' म्हटलं तरी ते दर महिन्याला निघेलच असं नाही. सवड मिळाली, कागदाला पैसे जमले की अंक.

'फॅनझीन' हा शब्द मात्र थोडा उशिरा, १९४० साली आला. लुई रसेल शोव्हने या चाहत्याने तो घडवला. त्याआधी लोक 'फॅनमॅग' म्हणत. म्हणजे टकर यांनी 'ल झॉम्बी' सुरू केलं तेव्हा ते ज्या प्रकारचं मासिक काढत होते त्याला आजचं नावही नव्हतं.

४. इंटरनेट नाही, फोन सगळ्यांकडे नाहीत. मग हे लोक एकमेकांना सापडले कसे?

संपादकाच्या एका साध्या निर्णयामुळे. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक सुरू केलं. त्यातल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापला जाई.

गावात विज्ञानकथा वाचणारा आपण एकटेच, लोक आपल्याला खुळा म्हणतात, अशा पोराला अचानक दिसायचं की तीनशे मैलांवर दुसरा एक खुळा आहे आणि हा घ्या त्याचा पत्ता. मग पत्र, पत्राला उत्तर. चार जण झाले की एकच मजकूर चारदा लिहिण्यापेक्षा त्याच्या प्रती काढणं सोपं, आणि तिथून मासिक. गर्न्सबॅक यांनी लेखकांचे पैसे थकवले म्हणून त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, ती रास्तही आहे. पण पत्ते छापण्याचा हा निर्णय नसता तर पुढचं काहीच झालं नसतं.

५. हे अंक छापायचे कसे? छापखान्यात?

छापखाना परवडायचा नाही. तो मंदीचा काळ होता. हौशी मासिकांसाठी मुख्यतः दोन युक्त्या होत्या.

पहिली हेक्टोग्राफ. पसरट ताटात जिलेटिनची घट्ट खळ. खास शाईने लिहिलेला कागद तिच्यावर पालथा दाबायचा, शाई खळीत उतरते. मग कोरा कागद ठेवून उचलला की त्यावर जांभळी अक्षरं. पन्नासेक प्रती निघेपर्यंत अक्षरं पुसट होऊन संपतात. म्हणजे हेक्टोग्राफवरच्या मासिकाला पन्नासाच्या वर वाचक मिळणं कठीणच.

दुसरी मिमिओग्राफ, म्हणजे आपलं सायक्लोस्टाइल. मेणाचा थर दिलेला स्टेन्सिल टाइपरायटरमध्ये घालायचा आणि रिबन बाजूला सरकवायची, म्हणजे धातूचं अक्षर थेट मेणावर आपटून मेण कापतं. मग स्टेन्सिल यंत्राच्या पिंपावर चढवायचा आणि हँडल फिरवायचं. कापलेल्या जागेतून शाई कागदावर उतरते. यात शेकडो प्रती निघतात.

माझ्या शाळेत सहामाहीचे पेपर सायक्लोस्टाइलवरच निघत. मराठीचा स्टेन्सिल बाई लोखंडी लेखणीने हाताने लिहायच्या. हात जड पडला की 'ठ'च्या पोटातलं मेण गळून पडायचं आणि प्रश्नपत्रिकेवर 'ठ'च्या जागी नुसता काळा ठिपका यायचा. इंग्रजी टाइपरायटरवर 'ओ' आणि 'ई'चं नेमकं हेच होई. चुकलं तर दुरुस्तीच्या द्रावणाचा एक थेंब लावायचा, फुंकर मारून वाळवायचा आणि त्यावर पुन्हा टाइप करायचं. त्या द्रावणाला नेलपॉलिशसारखा उग्र वास. कागदही खरखरीत, शाई पिणारा लागे. गुळगुळीत कागदावर एका पानाची शाई वरच्या पानाच्या पाठीला लागायची. पानं निघाली की टेबलावर गठ्ठे मांडायचे, भोवती फिरत एकेक पान उचलायचं, जुळवायचं, पिन मारायची, पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं. आज आपण ज्याला 'पोस्ट करणं' म्हणतो त्याच्यामागे तेव्हा दोन-तीन रात्री जायच्या.

६. अंकाची किंमत काय असायची? वाचकाकडून पैसे घेत का?

काही जण चिल्लर घेत. नाणं पुठ्ठ्याला चिकटवून पाकिटात घालायची पद्धत होती. पण खरा व्यवहार निराळाच होता. तुमचं मासिक मला पाठवा, माझं मी तुम्हाला पाठवतो. मासिक नसेल तर अंक वाचून सविस्तर पत्र लिहा, पुढचा अंक घरी येईल. या व्यवस्थेला चाहत्यांच्या भाषेत 'नेहमीचं' असंच नाव पडलं.

म्हणजे वाचकाचं पत्र हीच वर्गणी. पत्र आलं नाही तर दोन-तीन अंकांनंतर नाव यादीतून गळायचं. मला ही रीत फार मोलाची वाटते, कारण हिच्यात नुसता वाचक कुणीच राहत नाही. वाचायचं असेल तर बोलावं लागतं.

७. 'स्पेस ऑपेरा' हा शब्द खरंच त्यांनी काढला?

हो. 'ल झॉम्बी'च्या जानेवारी १९४१च्या अंकात, आणि तोही जाता जाता. त्यांचं म्हणणं साधारण असं: हल्ली नवे शब्द घडवायची साथ आली आहे, तर हा घ्या आमचाही एक. काउबॉयच्या चाकोरीतल्या पिक्चरांना लोक 'हॉर्स ऑपेरा' म्हणतात. सकाळी गृहिणींना रडवणाऱ्या रेडिओ मालिकांना 'सोप ऑपेरा' म्हणतात, कारण त्या साबणाच्या कंपन्यांच्या जाहिरातींवर चालतात. मग घासून घासून गुळगुळीत झालेल्या, कुबट वास येणाऱ्या अंतराळयानांच्या गोष्टींना 'स्पेस ऑपेरा' म्हणू या.

यात संगीताचा काही संबंध नाही. मराठीत 'अंतराळ संगीतिका' असं भाषांतर केलेलं मी पाहिलं आहे, ते चुकीचं आहे. दुपारच्या रडक्या मालिकांना आपण ज्या सुरात 'सिरियल' म्हणतो, तो सूर टकर यांच्या शब्दात आहे.

लक्षात घ्या, हे वाक्य कुठल्या मोठ्या प्रकाशनात आलं नव्हतं. सिनेमाच्या ऑपरेटरने घरी काढलेल्या मासिकात ते आलं आणि तिथून शब्दकोशांपर्यंत गेलं.

८. पण आज 'स्पेस ऑपेरा' हा तर कौतुकाचा शब्द आहे. मग टकर यांचा अर्थ चुकला का?

चुकला नाही, शब्दच बदलत गेला. टकर यांनी तो एका विशिष्ट प्रकारच्या टाकाऊ कथेसाठी वापरला होता. पुढच्या पिढ्यांनी तो अनेक ग्रहांवर पसरलेल्या, मोठ्या पटाच्या, साहसाच्या कथेसाठी प्रेमाने वापरायला सुरुवात केली, आणि त्या प्रकारात खरोखर उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या. म्हणून १९४०-५०च्या दशकांतल्या परीक्षणात हा शब्द दिसला तर तो टोमणा समजा. आजच्या पुस्तकाच्या मागच्या कव्हरवर दिसला तर ती जाहिरात आहे.

९. स्टेपलच्या पिनांवरून चाहत्यांचं युद्ध झालं होतं म्हणे. ही दंतकथा आहे का?

दंतकथा नाही. तेव्हाची विज्ञानकथा मासिकं तारेच्या पिनांनी बांधलेली असत. १९३०च्या दशकाच्या मध्यावर टकर यांनी 'अस्टाउंडिंग' मासिकाच्या पत्रव्यवहारात जाहीर केलं की या पिनांच्या विरोधात आपण एक संस्था काढली आहे. नाव, 'विज्ञानकथा मासिकांतील तारेच्या पिनांना प्रतिबंध करणारी संस्था'. त्याच्या आद्याक्षरांचं लांबलचक, उच्चारता न येणारं लघुरूपही त्यांनी दिमाखात मिरवलं. संस्थेचं मुखपत्र म्हणून 'डी'जर्नल' नावाचं मासिक काढलं.

न्यूयॉर्कच्या डॉनल्ड वोल्हाइम यांनी लगेच विरोधी संघटना उभी केली. तिचं नाव याहून लांब आणि धोरण उलट: धातूची पिन टिकलीच पाहिजे. दोन्ही बाजूंना सदस्य, पदव्या, जाहीरनामे. ज्या मोठमोठ्या नावांच्या संस्था चाहते तेव्हा गंभीरपणे काढत होते, त्यांची ही नक्कल होती हे सगळ्यांना कळत होतं. वोल्हाइम पुढे मोठे संपादक आणि प्रकाशक झाले.

या खेळात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. दूरदूरच्या अनोळखी पोरांना एकत्र काही करायला निमित्त हवं होतं. प्रत्यक्ष भेट परवडणारी नव्हती. पिनांचं युद्ध सगळ्यांना परवडणारं होतं. त्याचा शेवट मात्र वाईट झाला, तो पुढच्या प्रश्नात.

१०. टकर १९३६ साली वारले असं एका ठिकाणी वाचलं. मग २००६ साली कोण वारलं?

२००६ साली वारले ते खरे. १९३६ची बातमी खोटी होती. 'अस्टाउंडिंग'च्या पत्रव्यवहारात 'ॲन स्मिडली' अशा सहीचं एक पत्र छापून आलं की टकर यांचं निधन झालं. संपादकांनी विश्वास ठेवला, वाचक हळहळले. मग टकर जिवंत आहेत हे उघड झालं आणि संतापाचा रोख त्यांच्यावरच वळला. पत्र आपण पाठवलं नाही असं ते कायम सांगत आले. पिनांच्या युद्धातली गंमत तिथेच संपली.

पुढेही त्यांच्या मरणाच्या अफवा उठत राहिल्या आणि चाहत्यांमध्ये तो एक प्रकारच झाला. पण त्या पहिल्या बातमीत एकवीस वर्षांच्या मुलाची काही चूक नसताना त्याचं नाव खराब झालं, हे हसण्यावारी नेणं मला पटत नाही. छापील शब्दावर लोक किती पटकन विश्वास ठेवतात, आणि खुलासा मात्र कुणी तितक्या आवडीने वाचत नाही, हे तेव्हाही तसंच होतं.

११. टकरायझेशन म्हणजे काय?

कथा-कादंबरीतल्या पात्राला आपल्या ओळखीच्या खऱ्या माणसाचं नाव देणं. टकर यांनी व्यावसायिक लेखन सुरू केल्यावर आपल्या चाहते-मित्रांची नावं पात्रांना द्यायला सुरुवात केली. पोलीस, डॉक्टर, खून झालेला माणूस, कुणीही. १९४६ साली आलेल्या 'द चायनीज डॉल' या त्यांच्या पहिल्या कादंबरीपासूनच, जी विज्ञानकथा नसून रहस्यकथा आहे, हा प्रकार दिसतो.

एरवीच्या वाचकाला त्यात काहीच जाणवत नाही. पण ज्याचं नाव आहे तो आणि त्याचे मित्र पुस्तक उघडून हसतात. 'ल झॉम्बी'त जी घरगुती गप्पांची हवा होती, ती त्यांनी अशी छापील पुस्तकात चोरून नेली. आता विज्ञानकथा संमेलनांमध्ये नामवंत लेखकांच्या आगामी पुस्तकात आपलं नाव यावं म्हणून लिलाव होतात आणि पैसे धर्मादाय कामाला जातात. अपवाद आणि बारकावे प्रश्न १८मध्ये.

१२. व्यावसायिक लेखक झाल्यावर ते चाहत्यांना विसरले का?

नाही, आणि माझ्या लेखी हीच त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट.

पहिली कथा १९४१ साली 'सुपर सायन्स' मासिकात आली. संपादक होते फ्रेडरिक पोल, तेही मुळचे चाहतेच. मग कादंबऱ्या आल्या. १९५२ची 'द लाँग लाउड सायलेन्स', १९५८ची 'द लिंकन हंटर्स', आणि १९७० साली 'द इयर ऑफ द क्वाएट सन'. ही शेवटची नेब्युला आणि ह्यूगो या विज्ञानकथेतल्या दोन्ही मोठ्या पुरस्कारांच्या अंतिम यादीत होती आणि १९७६ साली तिला मागील काळासाठीचा विशेष जॉन कॅम्बेल स्मृती पुरस्कार मिळाला. वाचायला एकच निवडायची असेल तर हीच घ्या. काळात पुढे गेलेल्या माणसाला आपल्याच देशाचं काय झालेलं दिसतं, याची ती कादंबरी आहे.

हे चालू असतानाच ते घरी हौशी अंकही काढत होते. १९४५पासून त्यांनी विज्ञानकथा जगाच्या बातम्या देणारं वार्तापत्र चालवलं. कुठलं पुस्तक येतंय, कुठलं मासिक बंद पडतंय, हे चाहत्यांना त्यातून कळे. १९५५ साली नव्याने येणाऱ्यांसाठी त्यांनी एक छोटी मार्गदर्शिका लिहिली. ज्याला या मंडळींचे शब्द, विनोद, भांडणं काहीच ठाऊक नाही, त्याला दारातच अडखळायला होऊ नये म्हणून. चाळीस वर्षांचा, नाव झालेला लेखक नवख्या पोरासाठी बसून शब्दांचे अर्थ लिहितो, याचं मला अप्रूप आहे.

१३. 'स्मूऽऽथ' हा काय प्रकार आहे? जुन्या चाहत्यांच्या आठवणींत सारखा येतो.

संमेलनात टकर बर्बन व्हिस्कीची बाटली काढत, एक घोट घेत आणि बाटली गोल फिरवत. सगळे एक हात वर उचलत आणि हळूहळू खाली आणत एका सुरात लांबवून म्हणत, 'स्मूऽऽथ'. काल आलेला नवखा आणि तीस वर्षांचा जुना खोंड एकाच वर्तुळात उभे. न पिणाऱ्यांचाही हात वर जायचा.

१९७५ साली जागतिक विज्ञानकथा संमेलन पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला भरलं. टकर यांना तिथे पाठवायला चाहत्यांनी वर्गणी काढली आणि पाठवलंच.

१४. लोकांनी त्यांना पोस्टाने विटा पाठवल्या, हे खरं?

हो, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. संमेलनांसाठी भाड्याने घेतलेल्या हॉटेलांचा चाहत्यांना कंटाळा आला होता. मग चाहत्यांनीच आपलं हॉटेल बांधावं, ज्याने त्याने वीट पाठवावी, अशी कल्पना निघाली. काहींनी खरोखर वीट बांधून पोस्टात टाकली. हॉटेल अर्थातच झालं नाही, पण 'टकर हॉटेल' हा शब्द चाहत्यांच्या कोशात कायमचा राहिला.

१५. पहिलं फॅनझीन टकर यांचंच ना?

नाही. तो मान सहसा मे १९३०च्या 'द कॉमेट'ला दिला जातो. रेमंड पामर त्याचे संपादक आणि शिकागोशी जोडलेला पत्रमैत्रीचा एक क्लब त्याचा प्रकाशक. १९३२च्या जानेवारीत न्यूयॉर्कहून 'द टाइम ट्रॅव्हलर' निघालं. त्याच वर्षी क्लीव्हलंडमध्ये जेरी सीगल आणि जो शुस्टर या शाळकरी पोरांनी 'सायन्स फिक्शन' नावाचं मासिक काढलं. त्यांनीच पुढे सुपरमॅन घडवला.

टकर पहिले नव्हते, पण पहिल्या काहींपैकी होते आणि टिकले. बहुतेक हौशी मासिकं तीन-चार अंकांत बंद पडायची. संपादकाला नोकरी लागायची, लग्न व्हायचं, वैताग यायचा. साठाहून जास्त अंक ही या क्षेत्रात फार मोठी मजल आहे.

१६. त्यांना मरणोत्तर पुरस्कार कसे मिळाले? आणि जुन्या वर्षांचे?

यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. ह्यूगो पुरस्कार १९५३ साली सुरू झाले. टकर यांना हयातीत १९७० साली सर्वोत्तम चाहता-लेखकाचा नेहमीचा ह्यूगो मिळाला. २००३ साली विज्ञानकथेच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

दुसरा प्रकार रेट्रो ह्यूगो. ज्या वर्षी संमेलन भरलं पण ह्यूगो दिले गेले नाहीत, किंवा युद्धामुळे संमेलनच भरलं नाही, त्या वर्षासाठी मागाहून मतदान घ्यायचं. त्यात २००१ साली त्यांच्या वार्तापत्राला १९५१सालचं सर्वोत्तम फॅनझीन ठरवलं गेलं आणि २००४ साली १९५४चे सर्वोत्तम चाहता-लेखक ते ठरले. हे दोन्ही त्यांच्या डोळ्यांदेखत. मरणोत्तर म्हणाल तर २०१८ आणि २०१९ साली 'ल झॉम्बी'ला १९४३ आणि १९४४साठी. कुठल्याही यादीत दोन साल दिसली तर आधी पाहा की कोणतं पुरस्काराचं आणि कोणतं लेखनाचं.

१७. हे सगळं इतकं छान होतं? काही काळी बाजू नव्हती?

होती. १९३०च्या दशकात टकर विनोदी लेखनासाठी 'हॉय पिंग पाँग' हे टोपणनाव वापरत. चिनी नावांची ती थट्टा आज खटकते आणि खटकायलाच हवी. काळ तसा होता एवढं म्हणून ते झाकू नये. त्यांचे जुने अंक वाचताना ते समोर येणार.

एकूण चाहतेमंडळही बरंचसं गोऱ्या तरुण पोरांचं. बायका होत्या, पण त्यांची नावं मागे पडली. लॉस एंजेलिसच्या मोरोजो यांनी फॉरेस्ट ॲकरमन यांच्याबरोबर वाचकपत्रांचं गाजलेलं फॅनझीन चालवलं आणि १९३९च्या पहिल्या जागतिक संमेलनासाठी भविष्यकाळातले पोशाख शिवले. आजच्या कॉस्प्लेची, म्हणजे आवडत्या पात्रांचे पोशाख घालून मिरवण्याची, सुरुवात तिथून धरतात, तरी कितीतरी वर्षं श्रेय ॲकरमन यांनाच मिळत राहिलं. त्याच संमेलनात आयोजकांनी विरोधी गटातल्या वोल्हाइम, पोल आणि इतर काहींना दारातूनच परत पाठवलं होतं. एवढ्याशा जगात अशी कडवट भांडणंही होती.

आपल्याकडच्या साम्याविषयीही याच प्रश्नात बरेच जण विचारतात, म्हणून इथेच सांगतो. १९५०च्या दशकातलं मुंबईतलं 'शब्द' हे दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि मित्रांचं अनियतकालिक सायक्लोस्टाइलच होतं. यंत्र तेच, पण ओढ वेगळी. आपली लघुनियतकालिकं प्रस्थापित साहित्याशी भांडायला निघाली, तर ही मासिकं आवडत्या साहित्याभोवती जमायला. मराठी विज्ञानकथेला वाचक मिळाले ते मुख्यतः मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेतून आणि दिवाळी अंकांतून. १९७४ साली त्याच स्पर्धेत जयंत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवून बक्षीस मिळवलं, हे आपल्याकडचं टोपणनाव मला फार आवडतं.

'ल झॉम्बी' वाचायचं असेल तर फॅनॅक या चाहत्यांच्या इतिहासप्रकल्पाने त्याचे अंक पानन्‌पान स्कॅन करून सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवले आहेत. आयोवा विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड शाखेतही जुन्या फॅनझीनचे मोठे संग्रह आहेत.

१८. माझ्या कथेत मी मित्राचं नाव घातलं. हे टकरायझेशन धरायचं का? आणि टकर यांच्याआधी कुणी असं करत नव्हतं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. करत होते. १९३५ साली लेखक रॉबर्ट ब्लॉक यांनी एका कथेत भयकथाकार लव्हक्राफ्ट यांच्यावर बेतलेलं पात्र मारलं, तेही त्यांची परवानगी घेऊन. लव्हक्राफ्ट यांनी उलट 'रॉबर्ट ब्लेक' नावाचं पात्र रचून त्याला मारलं. ब्लॉक पुढे टकर यांचे जिवलग मित्र. पण सवय म्हणून, पुस्तकामागून पुस्तक, हे टकर यांनी केलं. म्हणून नाव त्यांचं पडलं.

आता तुमची कथा. मित्राचं खरं नाव घेतलंत, पण पात्राचा स्वभाव, धंदा, गाव सगळं वेगळं आहे, तर ते टकरायझेशन. नाव बदललं आणि माणूस मात्र तोच ओळखू येतो, तर ते नाही. त्याला आपण आडून लिहिणं म्हणतो. नाव आणि माणूस दोन्ही खरे ठेवलेत, तर ती सरळ व्यक्तिरेखा झाली. राहता राहिलं पात्र वाईट असेल तर काय. नुसतं मरणारं पात्र मित्राला बहुधा आवडतं. चोर, लाचखाऊ किंवा बायकोला मारणारा असेल तर कथा पाठवण्याआधी मित्राला वाचायला द्या, आणि तो नको म्हणाला तर नाव बदला. आडनाव गावात एकाच घराचं असेल, तर मित्राबरोबर त्याच्या घरच्यांनाही विचारा.